नोंदी मागाहून, मागणी आधी

सॅट, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा, देऊन आलेलं पोर इंग्रजीच्या पेपराबद्दल बोलायला लागलं की एक तक्रार हटकून येते. "बाई, शेवटच्या प्रश्नांत चारही पर्याय बरोबर होते!" त्यात खोटं काही नाही. चारही पर्यायांचं व्याकरण शुद्ध असतं आणि माहितीही बहुतेक वेळा प्रश्नात दिलेल्या नोंदींमधलीच असते. तरी गुण एकाच पर्यायाला. तो एक कसा उचलायचा, ते आज सविस्तर लिहिते.

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझी शिकवणी आहे. मुख्य काम दहावी-बारावीचं इंग्रजी. पण ज्यांचे वडील बोटीवर आहेत, ज्यांची मावशी-आत्या परदेशात आहे, अशा घरांतली मुलं अलीकडे सॅटसाठी येतात, आणि देवगड, गुहागर, चिपळूणकडची काही जण ऑनलाइन बसतात. इथल्या काही खाजगी विद्यापीठांतही हे गुण चालतात, म्हणून बाहेर जायचं नसलेलीही येतात. मुलं हुशार असतात. शब्दसंग्रह कमी पडला तर तो वाढवता येतो. पण या एका प्रश्नप्रकारात त्यांना आडवी येते ती आपल्याच शाळेने लावलेली सवय, आणि ती सोडवायला जरा वेळ लागतो.

आधी प्रश्न कसा दिसतो ते पाहू. सॅट आता पूर्ण संगणकावर असते, ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये. 'रीडिंग अँड रायटिंग' विभागात ५४ प्रश्न आणि ६४ मिनिटं. त्याचे दोन भाग, म्हणजे मॉड्यूल: प्रत्येकात २७ प्रश्न, ३२ मिनिटं. आपला प्रश्न मॉड्यूलच्या अगदी शेवटी असतो, साधारण तीन-चारदा. सुरुवात ठरलेली: एका विद्यार्थ्याने एका विषयाचा अभ्यास करताना पुढील नोंदी केल्या आहेत. मग टिंब देऊन चार-सहा वाक्यं. मग विद्यार्थ्याला काय साधायचं आहे त्याचं एक वाक्य. आणि शेवटी, ते साधण्यासाठी नोंदींतली सुसंगत माहिती कोणत्या पर्यायाने सर्वांत परिणामकारकपणे वापरली आहे, असा प्रश्न. परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या भाषेत याचं नाव रेटोरिकल सिंथेसिस. नाव भारदस्त आहे, काम तितकंसं नाही.

आता ती सवय. आपल्याकडे मराठीच्या पेपरात मुद्द्यांवरून कथालेखन असतं. मुद्दे टिंब देऊन दिलेले, आणि एखादा मुद्दा गोष्टीत आला नाही की गुण कापले. लहानपणापासून हे केलेल्या मुलाला सॅटमध्ये टिंबांची रांग दिसली की त्याचा हात आपोआप जातो तो सगळी टिंबं पोटात घेतलेल्या, लांबलचक पर्यायाकडे. त्याला वाटतं, यात सगळं आलं म्हणजे हेच पूर्ण उत्तर. सॅटमध्ये टिंबं वापरून संपवायची नसतात. पाचांतली तीन बहुधा बाजूलाच ठेवायची असतात.

आईने पोराला सुरमई आणायला बंदरावर पाठवलं आणि तो चांगला ताजा फडफडीत बांगडा घेऊन आला, तर बांगड्यात दोष नाही; पण सांगितलं होतं सुरमई. इथले चुकीचे पर्याय असे असतात. त्यांच्यात खोट काढत बसलात तर सापडणार नाही आणि वेळ जाईल. बघायचं एवढंच, की सांगितलेलं आणलं का.

म्हणून माझ्या वर्गात क्रम उलटा. आधी नोंदी झाकायच्या. अगदी हाताने, स्क्रीनवर पंजा ठेवून. सरळ खाली जायचं आणि 'विद्यार्थ्याला अमुक करायचं आहे' हे वाक्य वाचायचं. ही मागणी. ती आपल्या शब्दांत, मराठीत म्हणालात तरी चालेल, मनाशी एकदा म्हणायची. मग पर्याय वाचायचे, आणि प्रत्येक पर्यायाला एकच विचारायचं: ही मागणी पुरी झाली का? जो उरेल तो नोंदींशी ताडून बघायचा. नोंदींचं काम तिथे सुरू होतं.

हे पटत नाही कुणाला पहिल्यांदा. मग मी फळ्यावर पुढचा खेळ मांडते.

नोंदी अशा:
• सिंधुदुर्ग किल्ला मालवणजवळ समुद्रातल्या कुरटे बेटावर आहे.
• शिवाजी महाराजांनी त्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू केलं.
• जंजिरा किल्ला मुरूडजवळ समुद्रातल्या बेटावर आहे.
• जंजिरा सिद्दींच्या ताब्यात होता.

पर्याय असे:
क) सिंधुदुर्ग आणि जंजिरा हे दोन्ही किल्ले समुद्रातल्या बेटांवर उभे आहेत.
ख) सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी बांधून घेतला, तर जंजिरा सिद्दींच्या ताब्यात होता.
ग) शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं, मुरूडजवळ जंजिरा हाही किल्ला आहे.
घ) मुरूडजवळ समुद्रातल्या बेटावर असलेला जंजिरा हा सिद्दींच्या ताब्यातला किल्ला होता.

मागणी मी मुद्दाम लिहीत नाही. विचारते, सांगा उत्तर. वर्ग लगेच 'ग' म्हणून ओरडतो. का रे? "बाई, त्यात साल आहे, बेटाचं नाव आहे, दोन्ही किल्ले आहेत." बघा, मागणीच नाही आणि उत्तर तयार!

मग मागणी लिहिते: दोन किल्ल्यांच्या जागेतलं साम्य ठळक करायचं आहे. उत्तर 'क'. ती पुसून लिहिते: दोन किल्ले कोणाकडे होते यातला फरक ठळक करायचा आहे. उत्तर 'ख'. पुन्हा पुसते: जंजिरा ठाऊक नसलेल्या वाचकाला त्याची ओळख करून द्यायची आहे. आता 'घ', ज्याला मघाशी कुणी विचारलंही नव्हतं. आणि शेवटी: सिंधुदुर्गाची उभारणी कधी सुरू झाली ते सांगायचं आहे. हं, आता घ्या तुमचा लाडका 'ग', कारण साल एकट्या त्याच्यातच आहे. नोंदी त्याच, पर्याय तेच, चारही आलटूनपालटून बरोबर. एवढं डोळ्यांदेखत झालं की "चारही बरोबर होते" ही तक्रार निम्मी तरी मिटते.

आता मागणीचं वाक्य कसं फोडायचं. त्यात साधारण तीन गोष्टी असतात. काय करायचं आहे: साम्य दाखवायचं, फरक दाखवायचा, ओळख करून द्यायची, उदाहरण द्यायचं, सर्वसाधारण विधान करायचं. कशाबद्दल: जागा, वय, आकार, पद्धत, कारण. आणि कोणासाठी: वाचकाला विषय माहीत आहे की नाही. तिसरी गोष्ट प्रत्येक प्रश्नात नसते. पहिल्या दोन असतातच, आणि मुलं पहिली पकडतात नि दुसरी सोडतात. 'फरक' वाचलं की फरक असलेला पहिला पर्याय उचलला. पण फरक कशातला विचारलाय? किल्ल्यांच्या जागेतला विचारला असेल आणि पर्यायात सत्तेतला असेल, तर तो फरक कितीही खरा असला तरी गेलाच.

साम्य आणि फरक यांचे प्रश्न सर्वांत सोपे. त्यांवर फार लिहीत नाही. दोन्ही नावं वाक्यात हवीत, आणि त्यांना जोडणारा शब्द हवा. इंग्रजीत साम्याला बोथ, लाइक, सिमिलरली, आणि फरकाला व्हेअरॅज, अनलाइक, व्हाइल. मात्र शब्द दिसला म्हणून भाळू नका. परीक्षा काढणाऱ्यांनाही ठाऊक आहे की तुम्ही तो शब्द हुडकणार, म्हणून 'बोथ' असलेला एखादा पर्याय भलत्याच बाबतीतलं साम्य घेऊन बसलेला असतो. शब्द खूण म्हणून बघा, पुरावा म्हणून नको.

खरी गंमत 'कोणासाठी' मध्ये आहे. मागणीत म्हटलेलं असतं, अमुक गोष्ट माहीत नसलेल्या वाचकाला, किंवा अमुक आधीच माहीत असलेल्या वाचकाला. अनफमिलिअर आणि फमिलिअर, एवढा अडीच अक्षरांचा फरक, आणि घाईत तोच वाचायचा राहतो. मी हे आंब्यावरून शिकवते, कारण इथे त्यावर बोलायला प्रत्येकाला आवडतं.

नोंदी: हापूस हा गोडी आणि सुवासासाठी नावाजलेला कोकणातला आंबा. हापूसच्या फळात कधीकधी साका धरतो, म्हणजे आतला गर स्पंजासारखा, खाण्यालायक नसलेला होतो. 'रत्ना' ही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेली जात. ती दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने तयार केली. रत्नामध्ये साका होत नाही.

मागणी: हापूस चांगला माहीत असलेल्या वाचकाला रत्ना या जातीची ओळख करून द्यायची आहे. आता दोन पर्याय शेजारी ठेवा. एक म्हणतो, "गोडी आणि सुवासासाठी नावाजलेला हापूस हा कोकणातला आंबा असून, त्याचा नीलमशी संकर करून रत्ना ही जात तयार केली गेली." दुसरा म्हणतो, "वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेल्या रत्ना या जातीत हापूससारखा साका होत नाही."

पहिल्यात हापूस म्हणजे काय ते सांगितलंय. पावसच्या बागायतदाराला हापूसची व्याख्या सांगायला गेलात तर तो पाणी विचारायचाही नाही! वाचकाला माहीत असलेलं पुन्हा सांगणं हीच इथली चूक. उत्तर दुसरं. पण मागणी बदलून 'हापूस माहीत नसलेला वाचक' केली की दुसरं वाक्य लगेच लंगडं होतं, कारण त्या वाचकाला हापूस कोण, हेच कळलेलं नाही. तेव्हा पहिलं.

यातून नियम काढायचा तर इतकाच: माहीत नसलेल्या वाचकासाठी नावाच्या मागेपुढे ओळखीचा तुकडा हवा: अमुक देशाचा चित्रकार, अमुक प्रकारचा मासा. माहीत असलेल्यासाठी तो तुकडा नको. इंग्रजीत हा तुकडा बहुधा दोन स्वल्पविरामांच्या मध्ये बसलेला असतो, त्यामुळे तो डोळ्याला चटकन दिसतो.

एक पोट-प्रकार आहे ज्यात भलेभले अडकतात: संशोधनाच्या नोंदी. मागणी कधी संशोधनाचा हेतू विचारते, कधी पद्धत, कधी निष्कर्ष. मुलांच्या डोक्यात तिन्ही मिळून 'संशोधनाबद्दल काहीतरी' असं एकच गाठोडं असतं. ते सोडवायला मी हेलियमची गोष्ट घेते, कारण तिच्यात हेतू एक होता आणि हाती लागलं दुसरंच.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली एक पिवळी रेषा तपासली. ती कुठल्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ती नव्या मूलद्रव्याची मानली गेली आणि त्याला हेलियम नाव मिळालं. पुढे १८९५ मध्ये विल्यम रॅम्से आर्गॉन वायूच्या शोधात होते. त्यांनी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्लाची क्रिया केली, निघालेल्या वायूचा वर्णपट पाहिला, आणि त्यात तीच पिवळी रेषा दिसली. सूर्यावरचा हेलियम पृथ्वीवरही आहे हे कळलं.

आता रॅम्से यांच्याबद्दलची तीन वाक्यं. "रॅम्से क्लेव्हाइटमध्ये आर्गॉन शोधत होते." हा हेतू. "रॅम्से यांनी क्लेव्हाइटवर आम्लाची क्रिया करून निघालेल्या वायूचा वर्णपट तपासला." ही पद्धत. "रॅम्से यांच्या कामातून हेलियम पृथ्वीवरही आढळतो हे दिसून आलं." हा निष्कर्ष. परीक्षेत ही तिन्ही वाक्यं पर्याय म्हणून शेजारीशेजारी असतात. मागणीत 'एम' (aim) असेल तर पहिलं, 'मेथडॉलॉजी' असेल तर दुसरं, 'फाइंडिंग' किंवा 'कन्क्लूजन' असेल तर तिसरं. कधी मागणी जोडून येते: संशोधन आणि त्याचा निष्कर्ष मांडायचा आहे. तेव्हा दोन्ही हवं. नुसता निष्कर्ष सांगणारं वाक्य अर्धवट. जोडमागणीतलं 'आणि' पेन्सिलीने गोल करायला सांगते मी. परीक्षेत पेन्सिल आणि कच्चा कागद मिळतो, तिथे दोन शब्द खरडून ठेवले तरी पुरे.

ही गोष्ट सांगताना देवगडकडचं कुणी वर्गात असलं की हमखास हात वर. "बाई, हेलियम तर आमच्या विजयदुर्गावर सापडला!" तशी आख्यायिका तिकडे आहे, किल्ल्यावर गोऱ्या साहेबाचा ओटाही दाखवतात. लॉकियर यांनी ती रेषा इंग्लंडमधूनच पाहिली, हे मी सांगते. मग थोडा वाद होतो, व्हावा. पण परीक्षेच्या दृष्टीने मुद्दा वेगळाच आहे. नोंदींत जे नाही ते उत्तरात नाही. विषय तुमच्या गावचा निघाला, तुम्हाला त्यातलं परीक्षकापेक्षा जास्त ठाऊक असलं, तरी ते सगळं चपलांसारखं बाहेर ठेवून आत यायचं. सॅटमध्ये नोंदी नेहमी खऱ्या धरायच्या आणि तेवढ्याच धरायच्या.

सर्वसाधारण विधानाची, म्हणजे जनरलायझेशनची मागणी कमी वेळा येते, पण आली की मुलं बुचकळ्यात पडतात, कारण तिथे नेमका तपशील असलेलं वाक्य चुकतं. आपल्या सड्यांवरची, म्हणजे कातळी पठारांवरची, कातळशिल्पं घ्या. नोंदी: कशेळीला हत्तीची भव्य आकृती आहे आणि तिच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. उक्षीलाही हत्ती आहे. बारसूला माणूस आणि त्याच्या दोन बाजूंना वाघ आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आली. मागणी: या कातळशिल्पांच्या विषयांबद्दल सर्वसाधारण विधान करायचं आहे. 'कशेळी आणि उक्षी इथे हत्ती कोरलेले आहेत' हे दोन ठिकाणांचं साम्य झालं. युनेस्कोचं वाक्य सगळ्या शिल्पांबद्दल आहे खरं, पण विषयांबद्दल नाही. 'कोकणातल्या कातळशिल्पांत प्राण्यांच्या आकृती ठळकपणे आढळतात' हे उत्तर. त्यात एकाही गावाचं नाव नाही, आणि म्हणूनच मुलांना ते पोकळ वाटतं. वाटू दे.

आता वेळेचं गणित, कारण तिथेच गुण सांडतात. २७ प्रश्नांना ३२ मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ७१ सेकंद. आपले प्रश्न शेवटी. सुरुवातीच्या शब्दार्थाच्या आणि जुन्या गद्य-पद्याच्या उताऱ्यांत मुलं घाम गाळतात आणि इथे पोचेपर्यंत घड्याळ लाल झालेलं असतं. वास्तविक मागणी आधी वाचायची सवय लागली की हा प्रश्न अर्ध्या मिनिटात होतो. ब्लूबुकमध्ये एका मॉड्यूलच्या आत कुठूनही कुठे जाता येतं. म्हणून ज्यांचं वाचन संथ आहे त्यांना मी सांगते, मॉड्यूल उघडलं की आधी शेवटाकडे जा, हे तीन-चार प्रश्न उरकून घे, मग पहिल्यापासून सुरू कर. वाचन जलद असेल त्याने सरळ क्रमाने जावं, उगीच उड्या मारू नयेत. पहिल्या मॉड्यूलमध्ये हे प्रश्न सोडून देणं तर फारच महागात पडतं, कारण तिथल्या कामगिरीवर दुसरं मॉड्यूल सोपं येणार की कठीण ते ठरतं, आणि सोपं आलं की वरचे गुण हाताबाहेर जातात.

पर्याय खोडायची सोय ॲपमध्ये आहे. पर्यायाच्या शेजारच्या खुणेवर दाबलं की तो कापला जातो. ती वापरा. मनातल्या मनात खोडलेला पर्याय दहा सेकंदांनी पुन्हा जिवंत होऊन समोर उभा राहतो. वजा गुण नाहीत, तेव्हा वेळ संपत आली आणि दोन पर्यायांत अडलात तर एक टाकून मोकळं व्हा, रिकामं सोडू नका.

सराव कुठे करायचा? ब्लूबुकमध्ये पूर्ण लांबीच्या सराव चाचण्या फुकट आहेत. कॉलेज बोर्डाच्या प्रश्नपेढीत कौशल्य निवडून फक्त याच प्रकारचे प्रश्न काढता येतात, आणि खान अकादमीवरही धडे आहेत. पैसे भरून जाडजूड पुस्तकं आणायची घाई करू नका. बाहेरच्या पुस्तकांत कधीकधी चुकीचे पर्याय इतके उघड चुकीचे असतात की त्यांच्यावर सराव करून उलट डोळा बिघडतो.

पण मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेला सराव घरगुती आहे. पेपरातली एखादी स्थानिक बातमी घ्या: मासेमारीबंदी, काजूचा दर, काहीही. तिच्यातून पाच नोंदी काढा. मग स्वतःच मागणी लिहा आणि तिचं उत्तर लिहा. आणि मग मुख्य काम: तीन चुकीचे पर्याय लिहा, तिन्ही खरे, तिन्ही नोंदींना धरून, पण मागणी न पुरवणारे. हे लिहायला बसलं की कळतं परीक्षक काय करतो ते. एक पर्याय अर्धीच मागणी पुरवणारा. एक भलत्याच बाबतीतला. एक सगळ्या नोंदी कोंबलेला. चौथी चलाखी म्हणजे नोंद किंचित फिरवलेली, 'काही'चं 'सगळे' केलेलं. ती फार वेळा येत नाही, पण शेवटी नोंदींशी ताडून बघायचं ते तिच्यासाठीच. दोघं मित्र असाल तर सेट अदलाबदल करा. माझ्याकडची पोरं एकमेकांना फसवायला इतकी रंगतात की शिकवणी सुटलेली त्यांना कळत नाही.

एक सेट देते, करून बघा. नोंदी झाका.

• ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या वेळाससारख्या किनाऱ्यांवर वाळूत अंडी घालतात.
• ऑलिव्ह रिडलेच्या आहारात खेकडे, कोळंबी, जेलीफिश असं भक्ष्य असतं.
• प्रौढ ग्रीन टर्टल कासवं मुख्यतः समुद्रगवत आणि शेवाळ खातात.
• ग्रीन टर्टल ऑलिव्ह रिडलेपेक्षा आकाराने मोठी असतात.
• दोन्ही जातींत पिल्लू नर की मादी हे घरट्यातल्या वाळूच्या तापमानावर ठरतं.

मागणी: दोन जातींच्या आहारातला फरक ठळक करायचा आहे.

क) ऑलिव्ह रिडले आणि ग्रीन टर्टल या दोन्ही जातींत पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं.
ख) वेळाससारख्या किनाऱ्यांवर अंडी घालणारी ऑलिव्ह रिडले खेकडे, कोळंबी आणि जेलीफिश खातात, तर ग्रीन टर्टल त्यांच्यापेक्षा आकाराने मोठी असतात.
ग) प्रौढ ग्रीन टर्टल मुख्यतः समुद्रगवत आणि शेवाळ खातात, तर ऑलिव्ह रिडलेच्या आहारात खेकडे, कोळंबी, जेलीफिश असं भक्ष्य असतं.
घ) ग्रीन टर्टल ऑलिव्ह रिडलेपेक्षा आकाराने मोठी असतात.

'क' साम्य आहे, गेलं. 'घ' मध्ये फरक आहे, पण आकाराचा. घोटाळा होतो तो 'ख' पाशी. त्यात 'तर' आहे, दोन्ही नावं आहेत, खाण्याचा उल्लेखही आहे, शिवाय वेळासचं नाव बघून आपल्याला बरं वाटतं. पण एकीचं खाणं आणि दुसरीचा आकार समोरासमोर ठेवलाय; ग्रीन टर्टल काय खातात ते त्या वाक्यात कुठेच नाही. उत्तर 'ग'.